अकिकाच्या कड्या

माझ्या नवऱ्याला खुर्चीतून उठवायचं, हे मी एकावन्न सालच्या दिवाळीच्या सुटीत ठरवलं. कसं उठवायचं ते ठरलं नव्हतं. पण मी एकदा मनावर घेतलं की मागं हटत नाही, हे माझ्या शाळेतल्या मुली सांगतील, आणि माहेरची माणसं तर कपाळावर हात मारून सांगतील.

माधवराव, म्हणजे आमचे हे, कोल्हापूर दरबारच्या नकाशांच्या दप्तरात होते. संस्थानातला कुठला ओढा कुठं वळतो, कुठल्या गावची शीव कुठल्या बांधावर संपते, सगळं त्यांना तोंडपाठ. मग संस्थान विलीन झालं. दप्तरं हलली, नवे साहेब आले, आणि ह्यांना पन्नाशीच्या आतच पेन्शन देऊन घरी बसवलं. तशी ददात कशाची नव्हती. मला मुलींच्या शाळेत नोकरी होती, एकुलती मुलगी लग्न होऊन बेळगावात सुखात होती. रडण्यासारखं काही नव्हतं आणि हे रडतही नव्हते. रडले असते तर काय करायचं ते मला कळलं असतं. पण हे नुसते बसून राहिले.

खिडकीजवळ वेताची खुर्ची होती. खिडकीतून दिसायचं काय, तर समोरच्यांची शेणानं सारवलेली भिंत. सकाळी अंघोळ झाली की ह्यांनी तिथं बसायचं आणि दिवेलागणीला उठायचं. आमटी अळणी झालीय का, विचारलं तर म्हणायचे, "असू दे." तुमच्या दप्तरातले दोघं भेटायला आलेत, बाहेर येता का, तर म्हणायचे, "राहू दे." वैद्य झाले, डॉक्टर झाले. नाडी ठणठणीत आहे, जीव रमत नाही इतकंच, असं दोघांनी सांगितलं. हे तर आमच्या दूधवाल्यालाही दिसत होतं.

ह्या माणसाला आयुष्यात एकच नाद होता, आणि तोही आमच्या घराला न शोभणारा. मासे धरायचा. आमच्याकडं मासा शिजत नाही. ह्यांनीही कधी तोंडात घातला नव्हता. पण रविवार उजाडला की काठी घेऊन नदीला. मासा लागला की दोन्ही हातांत धरून बघायचा, आणि एक तर पाण्यात सोडायचा, नाहीतर घाटावर जो कोणी असेल त्याला देऊन टाकायचा. "सोडायचाच असला तर धरता कशाला?" असं मी लग्न झाल्यापासून विचारत आले. "तुला नाही कळायचं," हे त्यावरचं ठरलेलं उत्तर.

काठी इंग्रजी होती. मायदेशी परत निघालेल्या कुणा गोऱ्या अधिकाऱ्याकडून ह्यांनी तरुणपणी ती घेतली होती. बांबूच्या सहा फाका एकजीव चिकटवलेल्या, तीन तुकडे एकमेकांत बसवायचे, आणि सगळ्या काठीवर रेशमानं बांधलेल्या कड्या. मुठीजवळच्या रिळावरचा दोर ह्या कड्यांतून टोकापर्यंत जातो. दोर सारखा घासून कडी झिजू नये म्हणून प्रत्येक कडीच्या आत अकिकाच्या दगडाचं गुळगुळीत वळं बसवलेलं. लालसर, पिकल्या बोरासारखं. इतकं मला माहीत होतं, कारण दर दसऱ्याला खंडेनवमीच्या पूजेत तलवार म्हणून आमच्या देवघरात हीच काठी असायची.

दप्तर हलवताना ह्या काठीचा घात झाला. ती कचेरीतच होती. शिपायांनी नकाशांच्या गुंडाळ्यांबरोबर तीही बांधली आणि भारा गाडीतून खाली टाकला. काठी वाचली, पण तीन कड्यांचे दगड तडकले. तडे केसाएवढे, बघून दिसणारे नव्हेत. पुढच्या रविवारी हे रंकाळ्यावर गेले. म्हणे आयुष्यात लागला नव्हता एवढा मासा लागला. दोर सरसरत सुटला, तडकलेल्या दगडावरून गेला आणि विळीवर धरल्यासारखा कापला गेला. हे घरी आले, काठी जुन्या धोतरात गुंडाळली, कपाटावर ठेवली आणि खुर्चीत बसले. त्याला आता दीड वर्ष होत आलं होतं.

दिवाळीची झाडलोट करताना मी ते गाठोडं खाली काढलं. धोतर सोडून काठी बघत बघत मनाशी हिशेब जुळवला. नोकरी गेली त्या दिवशी हा माणूस बसला नव्हता. दोर तुटला त्या दिवशी बसला होता. मग नोकरी काही मला परत आणता यायची नाही, पण कड्या का आणता येऊ नयेत? ह्यांना काही विचारायला गेले नाही. विचारलं असतं तर "राहू दे" ऐकावं लागलं असतं, आणि त्या शब्दाचा मला आता वीट आला होता.

मुंबईच्या एका दुकानाला पत्र घातलं. असला माल विलायतेहून येणं बंद झालंय, असं त्यांनी दोन ओळींत कळवलं. म्हणजे नव्या कड्या मिळणार नव्हत्या. जुन्याच कुठंतरी शोधायला हव्या होत्या.

लक्ष्मीपुरीत रविवारच्या बाजाराला पिराजी नावाचा एक माणूस जुन्या वस्तू मांडून बसायचा. कुलपं, समया, सायकलींच्या घंट्या, साहेबलोकांच्या बंगल्यांतून लिलावात निघालेलं काहीबाही. मी तडकलेली एक कडी त्याच्यासमोर धरली.

"ह्ये व्हय?" पिराजी म्हणाला. "गोरे गेले तवा असल्या काठ्यांचा एक भाराच घेतलता मी. कुणी इचारीना. मोडक्याच हुत्या निम्म्या."

"मग कुठं आहेत?"

"इकल्या की. हातकणंगल्याकडची चिमणाबाई म्हणून एक म्हातारी हाय. शेंगांच्या येलाला लावाय घिऊन गेली."

"वेलाला?"

"मग काय करायचं त्यांचं, बाई? हितं कोण मासं धरतंय काठीनं? जाळ्यानं धरत्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी हातकणंगल्याला उतरले. स्टेशनातून विचारत विचारत ओढ्याच्या कडेनं निघाले. चिमणाबाईचा मळा सांगायला कुणाला दोनदा विचारावं लागलं नाही, आणि सांगताना प्रत्येकजण जरा हसत होता. का ते पोचल्यावर कळलं. म्हातारी सत्तरीची, सडसडीत, काष्ट्याचं लुगडं, हातात खुरपं. मला बघून ती उठलीच नाही.

"कोण तुमी?"

"कोल्हापूरची. शाळेत शिकवते."

"मग हितं कुणाला शिकवाय आलासा?"

माझी नजर तिच्या मागं गेली होती. घेवड्याची रांग होती. साध्या बांबूंच्या मधे मधे त्या काठ्या उभ्या होत्या, बारीक, तांबूस, सांध्यांवर पितळ चमकणाऱ्या. ज्या काठ्यांनी साहेबलोकांनी नद्या उपसल्या त्यांच्यावर आता शेंगा लोंबत होत्या. वेलांचे तंतू कड्यांतून ओवले गेले होते, कुणी मुद्दाम ओवावेत तसे. आमच्या ह्यांनी हे बघितलं असतं तर एके काळी ते मळ्याच्या बांधावर डोकं धरून बसले असते. आता "असू दे" म्हणाले असते.

मी कडी दाखवली आणि काय हवंय ते सांगितलं.

"काठ्या उपटायच्या न्हाईत," चिमणाबाई म्हणाली. "शेंगा हाईत अजून."

"काठ्या नकोत मला. नुसत्या कड्या काढून घेते."

"कड्या काढल्या तर येल घसरतोय की. त्या कड्यांनीच तर धरून ऱ्हायलाय. आडाणी समजलासा काय मला?"

म्हातारीचं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. मी पदर खोचला आणि म्हटलं, "सुतळी द्या. जी कडी काढीन तिथं वेल सुतळीनं बांधून देईन. एक जरी वेल खाली आला तर कड्या तुमच्या."

तिनं खोपटातून सुतळीचा गुंडा आणून माझ्या अंगावर टाकला. दुपार होईपर्यंत मी त्या रांगेत होते. बहुतेक कड्यांचे दगड निखळून गेले होते, काही तडकलेले. दगड धड आहे का हे ओळखायची युक्ती मला घरीच सापडली होती. रेशमाचा धागा आत घालून मागं-पुढं ओढायचा, धाग्याचा जरासुद्धा तंतू निघाला तर ती कडी टाकायची. शेवटी माझ्या रुमालात दोन धड कड्या जमल्या. हव्या होत्या तीन.

तिसरी मला गोठ्यात दिसली. खुंट्याला एक म्हशीची पारडी बांधली होती आणि तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात कडी होती, लाल दगडाची, सगळ्यांत मोठी आणि लखलखीत. मी धागा काढून तिच्या आत घालून बघितला. स्वच्छ निघाला.

"तिला हात लावायचा न्हाई," चिमणाबाई मागून ओरडली. "नजर लागतीया पारडीला. आदीचं पारडं गेलं माझं. हा लाल दगड बांधल्यापासनं ही तरली."

आता नजरेपुढं काय वाद घालणार? मी बांधावर बसले. पाय दुखत होते, हात खाजत होते, आणि एका कडीसाठी सगळं पालथ्या घड्यावर पाणी होणार असं दिसत होतं. मग जे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं ते त्या परक्या म्हातारीला सांगून टाकलं.

"माझा नवरा दीड वर्ष खुर्चीतून उठत नाही, आजी."

"आजारी हाय?"

"नाही."

"पितोय?"

"नाही हो. नोकरी गेली. एक आवडीची काठी होती, असलीच, तिच्या कड्या फुटल्या. तेव्हापासून बसलेत. मला बघवत नाही. घरात दोघंजण असून मी एकटी राहते."

चिमणाबाईनं खुरपं खाली ठेवलं.

"आदी सांगायचं न्हाई व्हय हे?" ती म्हणाली. "मला वाटलं मास्तरीण बाई शोभंला न्हेतीया." आणि गोठ्यात जाऊन तिनं पारडीच्या गळ्यातला दोरा दातानं तोडला. "घे. दंडात बांध त्याच्या."

"दंडाला नाही, काठीला बांधायचीय."

"काठी तर काठी. पर बांध घट्ट."

"आणि पारडी?"

"तिला फाटकं पायताण बांधतो की. पायताणाला तर भूत बी भितंय."

निघताना तिनं माझ्या ओटीत घेवड्याच्या शेंगा घातल्या. गाडीत मी रुमाल उघडून उघडून त्या तीन कड्या बघत होते. समोरच्या बाईला वाटलं असेल, दागिना घेतलाय.

आता बांधायच्या कशा? कडीला दोन्ही बाजूंनी चपटे पाय असतात, ते काठीवर टेकवून वरून रेशीम गुंडाळायचं, इतकं घट्ट की सुई जाऊ नये. कोल्हापुरात रेशीम बांधणारे हात हवे असले तर गुजरीत, सराफांच्या पेठेत जावं. सोनारानं गळ्यातल्या साजाची पानं, मणी घडवले की ते रेशमात गाठून देण्याचं काम पटवेगारांचं. त्यांतली बनाबाई पटवेगारीण माझ्या माहितीतली. माझा स्वतःचा साज तिनंच गाठलेला. हात असा, की गाठ कुठं आहे ते शोधून दाखवावं. आणि तोंड असं, की सोनारसुद्धा तिच्या दुकानावरून जरा लांबून जायचे.

तिनं काठी मांडीवर आडवी घेतली आणि नखानं जुनं रेशीम उचकटून बघितलं.

"बाई, तिन्नच बदलून काय हुणार? समदं रेशीम कुजलंय ह्ये. आज ही कडी सुटंल, उद्या ती. समदं काढून नवं बांधावं लागंल."

"बांधा," मी म्हटलं. "घट्ट बांधा."

"घट्ट बांधू नको तर काय सैल बांधू? जावा तुमी."

चार दिवसांनी गेले तर काठी तयार होती, आणि खरं सांगते, मी बघतच राहिले. लाल रेशीम, कडेला हिरव्याची बारीक रेघ, वरून चकचकीत रोगण. बनाबाईनं जुन्याच्या सगळ्या खुणा खरवडून काढल्या होत्या. "कोण बांधणारा हुता कुणास ठावं," ती म्हणाली. "कड्या हिकडं लांब लांब, तिकडं गर्दी. काय मापच न्हाई. मी समद्या नीट बशिवल्या." मी तिला शाबासकी दिली आणि काठी पदराखाली धरून घरी आणली.

हे खुर्चीत होते. मी काठीचे तीन तुकडे एकमेकांत बसवले आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

"हे बघा."

त्यांनी बघितलं. तोंड उघडलं, आता तो शब्द येणार म्हणून मी ओठ आवळून उभी राहिले. पण शब्द आला नाही. त्यांची नजर मुठीपासून टोकापर्यंत गेली. मग टोकापासून मुठीपर्यंत परत आली. मधे थांबली.

"हे कुणी केलं?"

दीड वर्षात ह्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"बनाबाईनं. गुजरीतल्या. साज गाठते ती."

"साज गाठते," हे म्हणाले. हळू म्हणाले, पण कानांच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या होत्या. "म्हणून मोठी कडी मधे. दोन्ही बाजूंना बारीक होत गेल्यात. सगळ्या सारख्या अंतरावर. अगं, ही काठी आहे की नवरीचा गळा?"

"छान दिसतेय की."

"छान?" हे म्हणाले, आणि आवाज इतका चढला की शेजारची बाई खिडकीत आली. "मोठी कडी मुठीजवळ पाहिजे, टोकाकडं लहान लहान होत जायला पाहिजेत. टोकाला जवळजवळ पाहिजेत. कुठल्या गाढवाला एवढं कळत नाही? काठी कशी वाकते ते कुणी बघितलंय का आयुष्यात? कुठं राहते ही बाई?"

माझ्यावर आयुष्यात कुणी एवढं ओरडलं नव्हतं, आणि मला इतका आनंद कधी झाला नव्हता. मी मुद्दाम म्हटलं, "असू दे हो. दिसायला तर बरी आहे."

"असू दे काय? काय असू दे?" म्हणत हे उठले. उठले ते पायांत चपला सरकवून, डोक्याला टोपी नाही, अंगात नुसती बंडी, हातात ती लांब काठी, असे दारातून बाहेर पडले. महाद्वार रोडच्या गर्दीत काठीचं टोक लोकांच्या डोक्यांवरून हलत चाललेलं मला दिसत होतं. मी मागून धावत होते. चुलीवर दूध होतं. उतू गेलं असेल तर गेलं.

बनाबाई कुणाचा तरी साज गाठत होती. ह्यांनी काठी तिच्यापुढं आपटली नाही, पण आपटल्यासारखीच ठेवली.

"हे असं बांधतात?"

"पावणं, आवाज खाली," बनाबाई मान वर न करता म्हणाली. "गिऱ्हाईक हाय दुकानात. काय सुटलंय काय त्यातलं? एक कडी हलवून दावा."

"हलायचा प्रश्न नाही. जागा चुकल्यात."

"मोठं मधी असतंय. पन्नास वर्सं साज गाठतोय आमी. माझ्या सासऱ्यापासनं."

"हा साज नाही."

"मग आदी सांगायचं की. बाईंनी घट्ट बांध म्हणून सांगितलं, घट्ट बांधलंय."

दोघांनी एकदम माझ्याकडं बघितलं. मी साजाकडं बघत उभी राहिले.

ह्यांनी मग तिच्याकडचाच रेशमाचा धागा घेतला, कड्यांतून ओवला, त्याचं टोक बनाबाईच्या हातात दिलं. "धरा. मी काठी उचलतो, तुम्ही ओढा. मासा ओढतो तसं ओढा." बनाबाईनं ओढलं. काठी टोकाकडं वाकली, आणि तिथं दोन कड्यांच्या मधे धागा बांबूला चिकटून घासायला लागला. बनाबाई ओढत राहिली आणि बघत राहिली.

"वाक टोकाकडं जास्त," हे म्हणाले. "जिथं वाक जास्त, तिथं कड्या जवळ लागतात. नाहीतर दोर काठीला घासतो आणि जातो."

"गळ्याला वाक न्हाई व्हय?" बनाबाई म्हणाली. "साज बी गळ्यावर वाकतोच." तिनं आणखी एकदा ओढून बघितलं. मग धागा सोडून दिला. "पर गळा काय वडत न्हाई. ते खरं हाय."

त्या दिवशी हे घरी आले ते कपाटातली नकाशाची पट्टी आणि कर्कट शोधायला. ती पितळी पेटी दप्तर सुटल्यापासून उघडली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून सकाळी अंघोळ झाली की हे गुजरीत. बनाबाईच्या ओट्यावर बसून कर्कटानं अंतर मोजायचं, बांबूवर पेन्सिलीची खूण करायची, तिनं एक कडी बांधायची, धागा ओवून ओढून बघायचं, पटलं नाही की सोडायचं. दोघांची भांडणं मला शाळेतल्या बाया येऊन सांगत होत्या. "तुमचे मालक गुजरीत पटवेगारणीशी भांडत होते हो," असं कुणीतरी फार हळहळून सांगितलं. मी त्या बाईला हळदीकुंकवाला बोलावलं.

खुर्ची मी हलवली नाही. मला अजून भरवसा नव्हता. ओट्यावर बसून भांडणं वेगळं आणि नदीवर जाणं वेगळं. काठी तयार झाली तरी हे दोन रविवार गेलेच नाहीत. वारा आहे म्हणाले, पाणी गढूळ असेल म्हणाले. भीत होते. मला दिसत होतं, पण बोलले असते तर बिघडलं असतं. शेवटी कार्तिक संपता संपता शाळेला एक सुटी आली. मी पहाटे भाकरी बांधल्या आणि म्हटलं, "चला, मला नदी बघायचीय."

"तुला?"

"मला."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली, ह्यांच्याबरोबर मासे धरायला जायची ती पहिलीच वेळ. शिंगणापूरच्या बाजूला पंचगंगा वळते तिथं काठाला सपाट खडक आहेत. पाणी निवळलं होतं. ह्यांनी दोर कड्यांतून ओवला, गळाला आमिष लावलं आणि फेकलं. मग बसलो. मासे धरणं म्हणजे बहुतेक वेळ काही न करणं, हे मला तेव्हा कळलं. पण खुर्चीत बसणं आणि हे बसणं ह्यांत फरक होता. इथं ह्यांची मान ताठ होती.

उन्हं वर आली आणि काठी एकदम वाकली. हे उभे राहिले. दोर पळायला लागला, कड्यांतून सर्र आवाज करत, आणि मी त्या तीन कड्यांकडं बघत होते. पारडीच्या गळ्यातली मुठीजवळ होती. एकही हलली नाही. मासा एकदा वर आला, कुशीवर झाला, त्याचे खवले बंद्या रुपयाएवढे दिसले, आणि पुन्हा खाली गेला. हे खडकाखडकावरून त्याच्याबरोबर चालत होते, दोर सोडत, आवळत, तोंडानं त्याच्याशी काहीतरी बोलत. मी पदर तोंडात धरून मागून चालले. मासा हळूहळू काठाकडं यायला लागला.

आणि काठी सरळ झाली. दोर ढिला पडला, पाण्यावर लोळायला लागला. मासा गेला होता.

रंकाळ्यावर झालं तेच पुन्हा झालं होतं. आता हे काठी सोडतील, धोतरात गुंडाळतील, घरी येतील आणि बसतील. आणि आता बसले तर मी काय करणार? दुसऱ्यांदा कुठून आणणार कड्या, आणि कशासाठी? त्या चिमणाबाईनं पारडीच्या गळ्यातून काढून दिलं ते ह्याच्यासाठी? ह्यांच्याकडं बघायचा धीर होईना.

हे पाठमोरे उभे राहून दोर गुंडाळत होते. सगळा गुंडाळून झाल्यावर त्यांनी त्याचं टोक बोटांत धरून उन्हाकडं करून बघितलं. मग एकेका कडीच्या आतून करंगळी फिरवली. मुठीपासून टोकापर्यंत, एक न सोडता.

"कापला नाही," ते म्हणाले. "दोर शाबूत आहे. गळ सरळ झालाय बघ." त्यांनी मला तो दाखवला. वाकडा असायचा तो गळ खिळ्यासारखा झाला होता. "हा लहान पडला त्याला. असले दुकानात मिळायचे नाहीत आता. उद्या लोहाराकडं जाऊन घडवूनच घेतो."

उद्या. दीड वर्ष ह्या माणसाच्या तोंडातून उद्या आला नव्हता. मी तोंड फिरवलं आणि पलीकडच्या काठाकडं बघत राहिले, कारण मला रडू येत होतं आणि ते त्यांना दाखवायचं नव्हतं.

"उद्या अमावास्या आहे," मी म्हटलं. "लोहार भाता लावायचा नाही."

"मग परवा," हे म्हणाले, आणि खडकावर मांडी घालून डबीतला दुसरा गळ दोराला बांधायला बसले.